शेवंतीचा डावा हात

३ एप्रिल, गुरुवार

हिशोबाच्या वहीची मागची पानं दरवर्षी कोरी जातात, म्हणून इथेच लिहिते. वेगळी वही आणावी एवढं माझ्या आयुष्यात काही घडत नाही. आज मात्र घडलं.

सकाळपासून मी आणि शेजारची रखमाबाय गच्चीत जुनं लुगडं अंथरून मसाल्याच्या मिरच्या आणि उडदाचे पापड वाळत घालून बसलो होतो. ऐन बाराच्या उन्हात सतराव्या मजल्यावरची शेवंती वर आली. अंगात गळ्यापर्यंत बंद केलेला काळा प्लॅस्टिकचा सूट. आमच्याकडे बघून मान लववली आणि दोरीवरच्या उड्या सुरू. मिरचीची धूळ उडाली, मला शिंकांवर शिंका. दोरीच्या वाऱ्याने रखमाबायचा एक पापड उचलला तो कठड्यावरून थेट खाली, बसच्या टपावर.

"गेलो परळाक," रखमाबाय म्हणाली.

ही शेवंती दिवाळीनंतर माहीमहून आमच्या टॉवरमध्ये भाड्याने आली. जाळीच्या पिंजऱ्यात मारामारी करते. बॉक्सिंग, कुस्ती, लाथा सगळं एकत्र, त्याला एमएमए म्हणतात असं माझी लेक प्रिती सांगते. तिच्या वजनात देशात तिच्यावर कुणी नाही म्हणे. मे महिन्यात विजेतेपदाच्या पट्ट्याची लढत आहे, त्याआधी वजन बावन्न किलोवर आणायचं असतं, म्हणून प्लॅस्टिक घालून उन्हात घाम काढते. म्हणजे तीही वाळवणच. पण गच्ची एक आणि ऊन एक.

चाळ होती तेव्हा दारासमोर सज्जा होता, ऊन घरपोच यायचं. आता टॉवरच्या खिडकीत येतं ते समोरच्या टॉवरच्या काचेवरून उसनं. गच्ची गेली तर वाळवण गेलं. आमच्या गणपतीच्या पानात आजवर विकतचा पापड पडलेला नाही. सासूबाई गेल्या त्या वर्षीसुद्धा नाही.

संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी जगदीशराव यांच्याकडे गेलो. म्हणाले, "नियम असा की गच्चीत एका वेळी एकच उपक्रम. तुम्ही बायका आपसात मिटवा."

"तुम्ही सेक्रेटरी ना? तुम्ही सांगा तिला."

"वहिनी, मी सेक्रेटरी आहे, पण मला बीपी पण आहे."

शेवटी माझ्यावरच आलं. महिला मंडळाची अध्यक्ष मी.

५ एप्रिल, शनिवार

भांडायला जायचं तर समोरचं माणूस आधी माहीत हवं. प्रितीच्या फोनवर शेवंतीची एक लढत बघितली. देवाची क्षमा मागून बसले.

निरीक्षण असं. ही पुढे जातच नाही. समोरची उंच मुलगी एक पाऊल टाकते, ही एक पाऊल मागे देते. पुन्हा टाकते, पुन्हा देते. पाठ जाळीला टेकली. मला वाटलं, संपली. तेवढ्यात ती उंच मुलगी जोरात आत घुसली आणि कशी कोण जाणे स्वतःच आडवी झाली. शेवंती तिच्या पाठीवर, लहान पोर पाठंगुळीला बसतं तशी. पाय कमरेभोवती, हात हनुवटीखाली. मग त्या मुलीने शेवंतीचा दंड थोपटला.

"शाबासकी देतेय बघ बिचारी," मी म्हटलं.

"आई, ती हरली. हार मानली की तसं थोपटतात."

निष्कर्ष: शेवंती भित्री आहे, मागे मागे सरते. शेवटी जिंकली ते नशिबाने.

हे पेपर बाजूला ठेवून सगळं बघत होते. मी पाहिलं तर म्हणाले, "मी घड्याळ बघतोय." घड्याळ दुसऱ्या भिंतीवर आहे.

८ एप्रिल, मंगळवार

आणखी लढती बघितल्या. आता तिचा कच्चा दुवा सापडला. डावा हात! बाकीच्या मुली दोन्ही मुठी गालापाशी धरतात. हिचा उजवा गालापाशी आणि डावा खाली मांडीशी लोंबतो, बाजारातून पिशवी घेऊन आल्यासारखा. डावीकडचं सगळं तोंड उघडं. मलासुद्धा दिसतं तर समोरच्या मुलींना दिसत नसेल? दिसतं. जी ती तिथूनच आत येते. आणि जी ती नेमकी तिथेच पडते. एकीचा हात तर शेवंतीने दोन्ही पायांत धरून उसाचं कांडं मोडतात तसा ताणला. मी डोळे मिटून अर्धी रामरक्षा म्हटली. उघडले तेव्हा शेवंती तिलाच मिठी मारून उठवत होती.

प्रिती म्हणाली, "आई, तू आता ट्रॅकपँट घाल आणि कोच हो."

"मला गच्ची हवी आहे, बाकी काही नको."

पण जेवताना राहवेना. "एवढी मोठी खेळाडू आणि हात खाली ठेवते, तिच्या मास्तरांना कळत नाही का?" हे म्हणाले, "आमटी वाढ." मग दोन घास खाऊन म्हणाले, "पण डोकं मात्र बाजूला काढते हां वेळेवर." म्हणजे ह्यांनी एकट्याने बघितलंय.

१० एप्रिल, गुरुवार

आज हिय्या करून सतराव्यावर गेले. काय बोलायचं ते आधी पाठ केलं होतं. दार उघडून म्हणाली, "या ना काकू." आणि नुसती हसून बसली. मी म्हटलं, गच्चीबद्दल बोलायचं होतं. ती म्हणाली, "बोला ना." आणि पुन्हा गप्प. अशी गप्प की मलाच बोलत राहावं लागलं. मी म्हटलं, बाराचं ऊन आम्हाला हवं. ती "हं" म्हणाली. मी म्हटलं, तसं तुलाही हवंच म्हणा. ती "हं" म्हणाली. मी म्हटलं, तू एकटी राहतेस, जेवणाचं काय करतेस. इथून पुढे काय झालं ते नीट आठवत नाही. परत आले तेव्हा मी तिला आमसुलं देण्याचं कबूल केलेलं होतं आणि मिरचीच्या धुळीबद्दल माफी मागितलेली होती.

रखमाबाय जिन्यात वाट बघत होती. "काय झाला गो?"

"चर्चा चालू आहे."

"तुझा तोंड बघून तसा वाटत नाय."

११ एप्रिल, शुक्रवार

सापडलं. डाव्या हाताचा मला काही उपयोग नाही, मी तिला थोडीच मारणार आहे! पण प्रत्येक लढतीआधी ती पिंजऱ्याच्या जमिनीला हात लावून कपाळाला लावते. चपला बाहेर काढते. गळ्यात बहुतेक एकवीरेचा ताईत आहे, तो काढून मास्तरांच्या हातात देते, खाली ठेवत नाही. पोरगी देवभोळी आहे. देवाला ओलांडून पाऊल टाकणार नाही.

आपल्या जिन्याच्या कोपऱ्यात लोक पान थुंकायचे. देवांच्या टाइल्स लावल्या आणि त्या दिवसापासून भिंती स्वच्छ. तसंच.

उद्या हनुमान जयंती आहे. दिवस चांगला आहे.

१२ एप्रिल, शनिवार

टाइल विकत आणणं काही पटेना. घरात सासूबाईंचा वरवंटा आहे. मिक्सर आल्यापासून ओट्याखाली पडून, लसणाच्या चटणीपुरता निघतो. तसा तो साधा दगड नाहीच. प्रितीच्या बारशाला त्यालाच कुंची घालून पाळण्याखालून फिरवलं होतं. शेंदूर मागच्या वर्षीचा उरला होता, तेल घरचं.

टॉवेलात गुंडाळून, छातीशी धरून छोट्या लिफ्टने वर निघाले. मोठी लिफ्ट शिमग्यापासून बंदच आहे. आठव्यावर एक बाई चढली. टॉवेलाकडे बघून हळूच म्हणाली, "किती महिन्यांचा?"

मी म्हटलं, "जुना आहे."

शेवंती जिथे उड्या मारते बरोबर तिथे, पाण्याच्या टाकीजवळ, उभा ठेवला. शेंदूर लावला, दोन फुलं वाहिली, हात जोडले. मी कुणाशी खोटं बोललेले नाही. दगड ठेवला आणि शेंदूर लावला. कुणी विचारलं असतं तर सांगितलंही असतं.

बारा वाजता शेवंती आली. मी टाकीच्या आडून बघत होते. दोरी हातातच राहिली. खाली बसली, दगडाला अगदी नाक लागेल इतकी जवळ वाकली. बराच वेळ तशीच. मग कपाळ टेकलं, बूट हातात घेतले आणि उलट्या पावली खाली गेली.

जिंकले! मिरच्या पसरल्या.

१५ एप्रिल, मंगळवार

मिरच्या कडकडीत वाळल्या. शेवंती वर फिरकली नाही. वरवंट्यापुढे कुणी तरी जास्वंद ठेवलं होतं. मी नाही ठेवलं. रखमाबायही म्हणते, "मी नाय." मग मीही एक ठेवलं. शेजारच्याने ठेवलं आणि आपण नाही, असं नको.

१८ एप्रिल, शुक्रवार

मोठी लिफ्ट चालू झाली.

आता ह्याला काय म्हणावं! मेकॅनिक येऊन गेला होता हे खरं, पण तो आधीही येऊन गेला होता. जगदीशराव म्हणतात, "गच्चीतला देव प्रकटल्यावरच कशी चालू झाली?" सकाळी आरती झाली. तीस माणसं होती. हेही गेले होते. परत येऊन डोळे मिटून बसले. "फार प्रसन्न वाटतं गं वर. त्या मूर्तीत काहीतरी आहे."

थोड्या वेळाने म्हणाले, "आपला वरवंटा कुठे दिसत नाही?"

मी म्हटलं, "लागतो कुठे आता."

२१ एप्रिल, सोमवार

देवाला कडाप्प्याच्या लादीवर बसवलं. सिमेंट लावून पक्का केला. वर ताडपत्री, पुढे घंटा. चपला सतराव्या मजल्यावरच काढायच्या.

मी फेण्यांचं पीठ शिजवून वर नेलं तर दारात नोटीस. "देवस्थान परिसरात वाळवण घालण्यास मनाई आहे. मिरचीच्या ठसक्यामुळे भाविकांची गैरसोय होते."

मी जगदीशरावांना म्हटलं, "अहो, ती जागा वाळवणाची आहे!"

"वहिनी, तुम्हीच असं म्हणता? तुम्ही एवढ्या धार्मिक!"

सांगावं तर तीस माणसांनी माझ्या वरवंट्याला दंडवत घातलेत. त्यात माझा नवरा. न सांगावं तर पापड पंख्याखाली. दोन पापडांना आत्ताच कडेने बुरशी धरलीय. देवघरापुढे बसले. आमच्या देवांना म्हटलं, तुम्ही तरी वर जाऊन त्याला समजवा. मग वाटलं, कुणाला समजवा? तो आहे की नाही तेच मला ठाऊक नाही. चटणी वाटली तेव्हा नव्हता. पण आता एवढ्या लोकांनी हात जोडल्यावर आला असेल तर? आलेल्याला दगड म्हणणं बरं नव्हे.

२४ एप्रिल, गुरुवार

एकादशी. आरतीच्या रांगेत उभी राहिले. माझा नंबर आला तेव्हा जगदीशराव म्हणाले, "वहिनी, जास्त वेळ नको, मागे गर्दी आहे." ज्याला मी स्वतः बावीस वर्षं धुतलंय!

२७ एप्रिल, रविवार

लिफ्टमध्ये शेवंती भेटली. गाल आत गेलेत. जिममध्ये सगळं करते, पण शेवटचा सव्वा किलो उतरत नाही म्हणाली. तिला उन्हाचा घाम लागतो, आतल्या गरम खोलीत तिचा जीव घुसमटतो. शुक्रवारी दोन तारखेला वजन. बावन्नच्या वर काटा गेला तर पट्टा हातात असूनही गेला.

"मग वर का येत नाहीस गं?"

"देव आहे ना काकू वर."

ती माझ्याकडे बघत होती, तशीच, गप्प. मग म्हणाली, "तुमचे पापड?"

"पंख्याखाली."

"बुरशी येईल."

"आली."

आमचा चौथा मजला आला तरी मी उतरले नाही, तिच्याबरोबर सतराव्यापर्यंत गेले आणि एकटी खाली आले. खरं काय ते दोनदा तोंडाशी आलं. ती नुसती उभी. डावा हात लोंबता.

२९ एप्रिल, मंगळवार

रखमाबायला मी सगळं सांगितलं. मला वाटलं कपाळाला हात लावील. ती खुदकन हसली. "माका पयल्याच दिसाक ठावक होता. तुझ्या सासूचो वरवंटो मी वळखुचंय नाय?"

"मग जास्वंद तू...?"

"मगे? देव झालो तर फूल व्हया का नको?"

ती वाळवणासाठी माझ्याहून कासावीस झालेली. संध्याकाळच्या आरतीला ती सगळ्यांसमोर उठून उभी राहिली आणि म्हणाली, "देव माज्या सपनात इलो. म्हणता, माका हयसर ऊन लागता. माका खाली सावलीत न्हेवा. खंयच्या तरी बायलमाणसाच्या रांदपाच्या खोलयेत."

जगदीशरावांनी वर ताडपत्रीकडे बघितलं. ताडपत्री खरोखरच तापली होती.

"कुणाच्या स्वयंपाकघरात?"

"तां काय बोललो नाय. पण चौथो मजलो बरो म्हणालो."

३० एप्रिल, बुधवार

अक्षय्य तृतीया. मीटिंग झाली. देव हलवायचा हे ठरलं. आम्हा लालबागच्या माणसांना ह्यात काही विचित्र वाटत नाही, आमच्याकडे देव वाजतगाजत येतात तसे वाजतगाजत जातातही. उत्तरपूजा करायची, अक्षता टाकायच्या. अडलं ते न्यायचं कुणी ह्यावर. जगदीशरावांनी अटी काढल्या. लिफ्टने नाही, लिफ्टमध्ये लोक चपला घालून येतात. वाटेत खाली ठेवायचा नाही. नेणारा उपाशी हवा. आणि वरवंटा लादीला सिमेंटने बसलेला, म्हणजे लादीसकट न्यायचा.

एकाची कंबर निघाली, एकाचा गुडघा. ह्यांनी माझ्याकडे बघून खोकून दाखवलं. जगदीशरावांचं बीपी आहेच.

मी उठून सतराव्यावर गेले. शेवंतीने दार उघडलं आणि नुसती बघत राहिली. ह्यावेळी पाठ केलेलं काही नव्हतं.

"शेवंती, तू नेशील?"

"मी?"

"उपाशी आहेसच. घामही निघेल."

ती काही बोलेना. मग मीच म्हटलं, पुढे गच्ची तू म्हणशील तशी. ती म्हणाली, "नाही काकू, तुम्ही म्हणाल तशी." मी म्हटलं, अर्धी तुझी अर्धी आमची. ती गप्प. मी म्हटलं, बरं, किल्लीही तुझ्याकडेच ठेव, जगदीशरावांना मी सांगते. ती पाया पडली.

किती गुणाची पोर. स्वतःहून काही मागत नाही.

१ मे, गुरुवार

महाराष्ट्र दिनाची सुट्टी, सगळे घरी. बाराच्या ठोक्याला उत्तरपूजा. जगदीशराव घंटा वाजवत पुढे, मागे शेवंती काळ्या प्लॅस्टिकच्या सुटात, अनवाणी, दोन्ही हातांवर लादी आणि लादीवर सासूबाईंचा वरवंटा जास्वंदीच्या हारात. तिचे मास्तर कपाळाला हात लावून मागून येत होते. "हे काय चाललंय? उद्या वजन आहे!" रखमाबाय त्यांना म्हणाली, "तुमी अक्षता टाका."

खरी पंचाईत ही की प्रत्येक मजल्यावर बायका ताटं घेऊन उभ्या. जी ती ओवाळणार. तोवर शेवंतीने लादी धरून उभं राहायचं. चौदाव्यावर एकीची वातच लागेना. अकराव्यावर एका आजींना देवाशी खासगी बोलायचं होतं, नातवाच्या नोकरीचं. सुटाच्या पायातून घामाची धार जिन्यावर. मी मागून पायरी पायरी पुसत होते, कुणी घसरू नये म्हणून. नवव्यावर लादी डावीकडे कलायला लागली.

मी म्हटलं, "डावा वर घे, डावा! नेहमी खाली सोडतेस तू!"

तिने मान वळवून बघितलं. ओठ कोरडे, पण हसली. "तुम्ही बघता का काकू माझ्या लढती?"

"अधूनमधून. लागल्या तर."

मागून हे म्हणाले, "सगळ्या बघितल्यात तिने."

चौथ्यावर माझ्या ओट्याखाली, जुन्या जागी, तिने देव ठेवला. पाटाही तिथेच होता. लोकांनी दाराबाहेरून हात जोडले. जगदीशराव आत डोकावून म्हणाले, "वा. जणू इथलाच." हे त्या पाट्याकडे आणि वरवंट्याकडे आळीपाळीने बघत राहिले. मग आत जाऊन पेपर उलटा धरून बसले.

शेवंती पाण्याचा घोटही न घेता वर गेली. मला तिला साधं लिंबूपाणी देता येईना, ह्याचं फार वाईट वाटलं.

२ मे, शुक्रवार

प्रितीचा ऑफिसातून फोन. काटा बावन्नवर बरोबर थांबला!

देवापुढे साखर ठेवली. वरवंट्यापुढेही ठेवली. कोणी काम केलं ते मला काय माहीत.

गच्चीत फेण्या घातल्या. शेवंतीने जाताना किल्ली रखमाबायकडे ठेवली होती, चिठ्ठीसकट, "वापरा, परत द्या."

३ मे, शनिवार

संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये मोठा पडदा लावून लढत. सगळा टॉवर लोटला. वातीवाल्या बाई, अकराव्यावरच्या आजी, सगळे. आजी म्हणाल्या, "देव नेणारी कोणती?"

समोरची मुलगी दांडगी, पंजाबकडची. शेवंती मागे सरायला लागली. एक पाऊल, आणखी एक पाऊल. आणि डावा हात खाली! मी खुर्चीवर उभी राहून ओरडत होते, "वर घे! अगं वर घे!" जगदीशराव म्हणाले, "वहिनी, खुर्ची सोसायटीची आहे." एक ठोसा बसलाही तिच्या गालावर. माझ्या हातातली जपमाळ तुटून मणी हॉलभर गेले.

पाठ जाळीला टेकली. त्या मुलीला डावीकडची उघडी बाजू दिसली. मला दिसलं की तिला दिसली. ती झेपावली. आणि मी खाली वाकून मणी शोधत असताना हॉलमध्ये एवढी आरोळी उठली की काय झालं ते मला कळलंच नाही. वर बघितलं तर ती दांडगी मुलगी खाली, शेवंती तिच्या पाठीवर पाठंगुळीला, आणि ती मुलगी थोपटत होती. ह्यावेळी मला अर्थ माहीत होता. मी रखमाबायला समजावून सांगितलं.

थोडक्यात वाचली पोर. एवढा हात खाली सोडून कुणी वाचतं का? वरवंट्याची कृपा.

५ मे, सोमवार

शेवंती पेढे आणि तो पट्टा घेऊन आली. पट्टा केवढा जड! देवघरापुढे ठेवला, मग ओट्याखाली वाकून वरवंट्यापुढेही टेकवला. लोक अजून येतात दर्शनाला, पण मी सांगते, देवाला आता कामाची सवय लावायची आहे. आज त्याने ओलं खोबरं, लसूण वाटलं. लादी मात्र निघत नाही, तिच्यासकट वाटावं लागतं.

तिला पहिल्यांदा पोटभर जेवू घातलं. सोलकढी तीन वाट्या प्यायली. पापड भाजला, उन्हात वाळलेला, तो मोडून म्हणाली, "काकू, त्या दिवशी गच्चीत मी वाकले ना, तर देवाला लसणाचा वास येत होता. आमच्या आजीचाही वरवंटा असाच होता, माहीमला."

मी चिमटा खाली ठेवला. "म्हणजे तुला पहिल्याच दिवशी कळलं होतं?"

"हं."

"मग तू गच्ची का सोडलीस गं? भांडायचंस. सव्वा किलोसाठी जीव काढलास."

"सोडली कुठे?" म्हणाली आणि हसली. "म्हणजे काय?" मी विचारलं तर म्हणाली, "सोलकढी आहे का अजून?"

जगदीशरावांनी ठराव केलाय, पुन्हा कुणी वर काही बसवू नये म्हणून गच्चीची किल्ली कायमची शेवंतीकडे. आता वाळवण घालायचं तर तिला विचारावं लागतं. ती नाही कधीच म्हणत नाही. उलट आमच्या मिरच्यांसाठी उन्हाची बाजू सोडते आणि स्वतः टाकीच्या सावलीकडे सरकते. बदल्यात काही मागत नाही. जेवायला मात्र आता रोज येते, तेही मीच म्हटलं म्हणून.

जाताना दारात उभी होती. डावा हात नेहमीसारखा खाली लोंबता आणि त्यात किल्ली. एकदा तिला समोर बसवून नीट समजावून सांगायला हवं. पोरगी साधी आहे, एखाद दिवशी कुणी तरी नेमकं तिथूनच आत येईल.